तारीख एक दिवस मागे का जाते?

पायथन आणि जावास्क्रिप्ट या दोन प्रोग्रामिंग भाषांमध्ये तारीख इकडून तिकडे पाठवताना ती का बिघडते ते बघू. बोर्डवर एक आकडा लिहितोय, १७००००००००. सतरा आणि पुढे आठ शून्यं. पायथनला विचारलं तर तो म्हणतो १४ नोव्हेंबर २०२३, यूटीसीप्रमाणे, म्हणजे जगाच्या प्रमाणवेळेप्रमाणे, रात्रीचे १० वाजून १३ मिनिटं २० सेकंद. हाच आकडा उचलून जावास्क्रिप्टच्या डेटला, म्हणजे तिथल्या तारखेच्या प्रकाराला, दिला की ते सांगतं २० जानेवारी १९७०. दोघांची मोजणी सुरू होते एकाच जागेवरून, १ जानेवारी १९७० ची यूटीसी मध्यरात्र, पण पायथन सेकंद मोजतो आणि जावास्क्रिप्ट मिलिसेकंद. हजाराने गुणा, विषय संपला. स्क्रीनवर जानेवारी १९७० दिसला की दुसरं काही शोधत बसू नका, हजाराचाच घोळ असतो. उलट्या बाजूने चुकलात तर पायथन निदान बोंब तरी मारतो, कारण मिलिसेकंदांना सेकंद समजलं की आपण सन ५५ हजारच्या पलीकडे पोचतो आणि त्याच्या डेटटाइमची धाव ९९९९ पर्यंतच. जावास्क्रिप्टला याचं काहीच वाटत नाही, ते खुशाल १९७० छापून मोकळं.

मायक्रोसॉफ्टचं डॉटनेट वापरणारे सन १ पासून मोजतात आणि तेही १०० नॅनोसेकंदांच्या टिक्समध्ये, म्हणजे तिथे आधी ६२१३५५९६८०००००००००० वजा करायचे, म्हणजे १९७० पर्यंतचे टिक्स, मग भागायचं. गो या भाषेतून नॅनोसेकंद आले आणि तुम्ही ते जेसॉनमध्ये, म्हणजे प्रोग्रामांमधल्या देवाणघेवाणीच्या मजकुरात, नंबर म्हणून पाठवले तर जावास्क्रिप्टला २ चा ५३ वा घात ओलांडला की पूर्णांक नीट धरता येत नाहीत, आत्ताच्या तारखांना २५६ नॅनोसेकंदांच्या उड्या पडतात, तेव्हा ते स्ट्रिंग म्हणून, म्हणजे नुसती अक्षरं म्हणून, पाठवा. महिने जावास्क्रिप्टमध्ये ० पासून आणि पायथनमध्ये १ पासून, हे सगळ्यांना एकदा तरी चावलेलं असतं. १९९५ मध्ये जावास्क्रिप्ट घाईत बनलं तेव्हा डेट हा प्रकार त्या वेळच्या जावा या दुसऱ्याच भाषेतून जवळपास जसाच्या तसा उचलला गेला, पुढे जावाने २०१४ मध्ये आठव्या आवृत्तीत नवी लायब्ररी आणून आपलं सुधारून घेतलं, जावास्क्रिप्टच्या गळ्यात मात्र जुनं लोढणं तसंच राहिलं.

पण ही सगळी आकडेमोड झाली आणि ती कोणीही करेल. माझं म्हणणं असंय की आपण 'तारीख' म्हणतो तेव्हा आपल्या डोक्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे क्षण, पेमेंट झालं तो क्षण, जगात सगळीकडे एकच. दुसरी, भिंतीवरच्या घड्याळातली वेळ, सकाळी ९ चा गजर. आणि तिसरी नुसती तारीख, जिला वेळच नाही, जसं की जन्मतारीख. जुना जावास्क्रिप्ट डेट यातलं फक्त पहिलं ओळखतो, बाकी दोन त्यात कोंबावी लागतात, आणि कोंबलं की फाटतं.

जन्मतारखेचंच घ्या. पायथनमधून '१९९०-०५-१५' अशी साधी स्ट्रिंग आली. जावास्क्रिप्टच्या नियमाप्रमाणे नुसती तारीख असली तर ती यूटीसी मध्यरात्र धरली जाते, पण त्याच स्ट्रिंगपुढे वेळ जोडली आणि झोन, म्हणजे ती कुठल्या भागातली वेळ, हे नाही दिलं तर ती लोकल धरली जाते, हो, एकाच फंक्शनमध्ये दोन नियम! आता ग्रिनिचच्या पश्चिमेला बसलेल्या माणसाच्या ब्राउझरमध्ये यूटीसी मध्यरात्र म्हणजे आदल्या दिवसाची संध्याकाळ, त्याला दिसते १४ मे. पूर्वेकडच्याला १५ च दिसते, म्हणून तो म्हणतो माझ्याकडे तर चालतंय. पण तोच पूर्वेकडचा कॅलेंडरमधून १५ मे निवडतो, ती होते लोकल मध्यरात्र, टू-आयएसओ-स्ट्रिंग, म्हणजे तारखेची यूटीसीतली स्ट्रिंग करणारं फंक्शन, मारलं की यूटीसीत ती १४ मेची संध्याकाळ किंवा रात्र, आणि सर्व्हरवर पायथन पहिली दहा अक्षरं कापून १४ मे साठवतो. रोज फॉर्म सेव्ह केला तर माणूस रोज एक दिवस मोठा होत जातो. यात कन्व्हर्जन चुकलेलं नाहीये हां, क्षण अगदी बरोबर पोचलाय, पण पाठवायचा क्षण नव्हताच. जन्मतारीख स्ट्रिंग म्हणून येऊ द्या, स्ट्रिंग म्हणून जाऊ द्या, मधे डेट आणूच नका.

पायथनही साळसूद नाही. आत्ताची वेळ देणारं यूटीसी-नाऊ म्हटलं की वेळ यूटीसीतली मिळते पण झोनचं लेबल नसतं, मग त्यावर टाइमस्टँप, म्हणजे १९७० पासूनचे सेकंद, काढला की पायथन समजतो ही इथलीच लोकल वेळ. सर्व्हर यूटीसीवर असतो म्हणून तिथे बरोबर, लॅपटॉपवर काही तास पुढे-मागे. ३.१२ पासून ते फंक्शन वापरू नका असा इशाराच येतो. नाऊ मागतानाच कंसात यूटीसी द्या. आणि टू-आयएसओ-स्ट्रिंगच्या शेवटी जो झेड येतो, यूटीसीची खूण, तो अशी स्ट्रिंग वाचणाऱ्या पायथनच्या फ्रॉम-आयएसओ-फॉरमॅटला ३.११ येईपर्यंत कळतच नव्हता, त्यामुळे जुन्या कोडमध्ये झेड काढून टाकणारी ओळ दिसते, आणि झेड काढला की वर सांगितलेलं लेबलही गेलं.

माझी एक फजिती सांगतो. जावात फॉरमॅट लिहिताना महिन्याचे एम एम मोठे लागतात, मिनिटांचे छोटे. पायथनच्या स्ट्रफटाइममध्ये बरोब्बर उलटं, छोटा एम महिना, मोठा एम मिनिट. मी जावात महिन्याच्या जागी छोटे एम लिहिले. मी चाचणी घेतली तेव्हा घड्याळात दहा वाजून सात मिनिटं आणि महिना जुलै, आउटपुट अगदी देखणं! नंतर पायथनकडे नोंदी वाचताना बऱ्याचशा फुटायच्या, पण तासाच्या पहिल्या ते बाराव्या मिनिटातल्या निमूट आत जायच्या, भलत्याच महिन्यात. फुटलेल्या सापडतात हो, आत गेलेल्या शोधायला दोन दिवस गेले.

प्रश्न आलाय की मग सगळं यूटीसीत साठवलं की झालं ना? घडून गेलेल्या गोष्टींसाठी, हो. पुढच्या वर्षीच्या मीटिंगसाठी नाही, कारण सरकारं घड्याळाचे नियम बदलतात. सामोआने तर २०११ चा ३० डिसेंबर आख्खा दिवसच गाळला. तिथे लोकल वेळ आणि झोनचं नाव दोन्ही ठेवा, नुसता ऑफसेट, म्हणजे यूटीसीपासूनचा फरक, नको, कारण न्यूयॉर्कचा ऑफसेट हिवाळ्यात एक आणि उन्हाळ्यात दुसरा असतो.

आणि टेस्ट कशी करायची, तर मशिनचा झोन बदलून. एकदा पॅसिफिकमधलं किरितिमाती बेट लावा, यूटीसीच्या १४ तास पुढे, एकदा अमेरिकन सामोआतलं पागो पागो, ११ तास मागे, आणि जन्मतारखेचा फॉर्म दोन्हीकडे सेव्ह करून परत उघडा.