बंद घरांची बिलं

(फोंड्यातील एका वाचनालयाच्या सभागृहात, रोज डेटाबेसशी झटापट करणाऱ्या श्रोत्यांसमोर दिलेलं व्याख्यान, बोलण्यातली पुनरुक्ती काढून.)

मंडळी, नमस्कार. बाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहिलंय, 'टेबल आणि फंक्शन यांचा जॉइन'. एवढं रुक्ष नाव वाचूनही इतकी माणसं आलीत म्हटल्यावर मला आधी शंका आली, की आज कुठलं तरी नाटक रद्द झालेलं दिसतंय. असो. आलाच आहात तर पावापासून सुरुवात करू.

सकाळी सायकलवर पोदेर, म्हणजे आपला पाववाला, येतो. मागे टोपली, वर निळं प्लास्टिक, हातात तो पोंपों करणारा भोंगा. आता समजा, पोदेराकडे दोन याद्या लिहून तयार आहेत. एक वाड्यावरच्या घरांची, दुसरी कोणाला काय हवं त्याची. घराचा नंबर जुळवला की काम झालं. हा आपला नेहमीचा जॉइन. यातली कुठली यादी आधी उघडायची ते डेटाबेसनं बघावं, उत्तर तेच येतं, कारण दोन्ही याद्या एकमेकींशिवाय तयार आहेत.

पण खऱ्या पोदेराकडे दुसरी यादी नसते. तो दारापाशी भोंगा वाजवतो आणि आतून आवाज येतो, 'चार पोयी, दोन उंडे.' दुसऱ्या दारातून, 'फक्त काकणां.' तिसरं दार बंद. इथं दार कुठलं ते कळल्याशिवाय उत्तर तयारच होत नाही. फंक्शन म्हणजे काही हातात दिलं की उत्तर काढून देणारा छोटा प्रोग्राम, आणि टेबलाचा फंक्शनशी जॉइन म्हणजे हे. डावीकडच्या टेबलातली एकेक ओळ घ्यायची, तिच्यातले कॉलम फंक्शनच्या हातात द्यायचे, आणि ते जे छोटंसं टेबल परत देईल ते त्या ओळीला चिकटवायचं.

हे लिहिणं बरीच वर्षं सोपं नव्हतं. एडगर कॉडनं रिलेशनल मॉडेलचा, म्हणजे माहिती टेबलांत मांडण्याचा, निबंध 1970 साली लिहिला, पण त्यातून आलेल्या एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत फ्रॉमच्या यादीत, म्हणजे कुठून वाचायचं त्या यादीत, बसलेले शेजारी एकमेकांना बघू शकत नसत. कंसात लिहिलेल्या सबक्वेरीला, म्हणजे प्रश्नाच्या आतल्या प्रश्नाला, बाजूच्या टेबलाचा कॉलम विचारला की 'असा कॉलम मला माहीत नाही' म्हणून ती हात वर करायची. 1999 च्या एसक्यूएल प्रमाणात 'लॅटरल' हा शब्द आला आणि नियम सैल झाला, की तुझ्या डावीकडे जे लिहिलंय ते तुला दिसेल. प्रत्यक्ष डेटाबेसांनी मात्र आपापल्या चालीनं घेतलं. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरच्या 2000 च्या आवृत्तीत टेबल परत देणारी फंक्शनं होती, पण त्यांना शेजारच्या टेबलाचा कॉलम देता येत नव्हता, फक्त ठरलेली किंमत किंवा व्हेरिएबल. म्हणून आम्ही कर्सर फिरवत, म्हणजे एकेक ओळ स्वतः उचलत, बसायचो. 2005 च्या आवृत्तीत लॅटरलचंच काम करणारे 'क्रॉस अप्लाय' आणि 'आऊटर अप्लाय' आले, तेव्हा मला खरोखर हायसं वाटलं होतं. पोस्टग्रेसमध्ये लॅटरल 2013 ला आलं, 9.3 मध्ये. ओरॅकलनं 12सी मध्ये लॅटरल आणि अप्लाय दोन्ही घेतले. मायएसक्यूएलला 2019 उजाडावं लागलं, आणि तिथं आजही तुम्ही लिहिलेलं फंक्शन एकच किंमत परत देतं, टेबल नाही. तिथं लॅटरल वापरायचं ते सबक्वेरीपुढे.

इतिहास पुरे. मला सांगायचंय ते त्या तिसऱ्या, बंद दाराबद्दल.

बारदेशच्या किनारपट्टीतल्या एका गृहनिर्माण संस्थेचं पाण्याच्या बिलांचं काम माझ्याकडे होतं. नाव नको. शंभरावर फ्लॅट, प्रत्येकाला मीटर. आपल्याकडे अशा इमारतींत किती दारं वर्षभर बंद असतात ते तुम्हाला सांगायला नको. मालक मुंबईत, दिल्लीत, नाहीतर थेट लिस्बनला. पाण्याचा आकार टप्प्यांनी. खरे दर बाजूला ठेवू, समजायला सोपे आकडे घेऊ. पहिल्या 15 युनिटांना प्रत्येकी 5 रुपये, पुढच्या 10 ना प्रत्येकी 10 रुपये, त्यावर प्रत्येकी 20 रुपये. शिवाय प्रत्येक फ्लॅटला महिन्याचा स्थिर आकार 60 रुपये, पाणी वापरा की नका वापरू.

मी एक छान फंक्शन लिहिलं. त्याला युनिट द्या, ते टप्प्यांच्या ओळी परत देतं. आतली अट एवढीच, की युनिट हे टप्प्याच्या खालच्या मर्यादेपेक्षा जास्त असतील तर तो टप्पा घ्या. आता तीन फ्लॅट बघा. पहिल्याचे 32 युनिट. 32 हे शून्यापेक्षा जास्त, 15 पेक्षा जास्त, 25 पेक्षाही जास्त. तीन ओळी आल्या: 75, 100, 140. दुसऱ्याचे 9 युनिट, एक ओळ, 45 रुपये. तिसरा बंद, शून्य युनिट. शून्य हे शून्यापेक्षा जास्त नाही. एकही ओळ नाही.

आणि मी लिहिलं होतं क्रॉस अप्लाय. त्याचा नियम सरळ आहे. फंक्शन जितक्या ओळी देईल तितक्या वेळा डावीकडची ओळ लिहायची. शून्य दिल्या तर शून्य वेळा. म्हणजे तो फ्लॅट यादीतून गेला. चूक दाखवणारा संदेश नाही, लाल अक्षरं नाहीत, काही नाही. वर गंमत अशी, की तीन फ्लॅट घातले आणि चार ओळी बाहेर आल्या. ओळी वाढलेल्या दिसल्यावर काहीतरी गळलंय अशी शंका कोणाला येणार?

तक्रार तरी कोण करणार? जास्त बिल आलं तर माणूस भांडायला येतो. बिलच आलं नाही म्हणून लिस्बनहून फोन करणारा सज्जन मला अजून भेटायचा आहे.

काही महिने असेच गेले. मग संस्थेच्या खजिनदारांनी स्थिर आकाराची बेरीज हातानं केली. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, वहीत तांबड्या शाईनं खुणा करणारे. शंभरावर फ्लॅट गुणिले 60, हा आकडा त्यांना पाठ होता आणि जमेचा आकडा त्याच्या जवळपासही नव्हता. मी त्यांना समजावायला लागलो, की या घरांनी पाणी वापरलेलंच नाही, म्हणून फंक्शननं काही दिलं नाही. ते शांतपणे म्हणाले, 'अहो, पाणी वापरलं नाही हे खरं. पण घर आहे ना?'

क्रॉस आणि आऊटर यांतला फरक मला पुस्तकातून जितका कळला नव्हता तितका त्या वाक्यातून कळला. आऊटर अप्लायमध्ये फंक्शन गप्प बसलं तरी डावीकडची ओळ राहते, फंक्शनच्या कॉलमांत नल, म्हणजे 'इथं किंमतच नाही' ही खूण, भरला जातो. पाण्याचं बिल असल्यामुळे संस्थेतले लोक बराच काळ त्याला 'नळ' म्हणत, मी दुरुस्त करणं सोडून दिलं. पोस्टग्रेसमध्ये हेच 'लेफ्ट जॉइन लॅटरल' असं लिहितात आणि शेवटी 'ऑन ट्रू' घालावं लागतं. नवीन मुलांना ते ऑन ट्रू विचित्र वाटतं. कारण असं, की जुळवण्याची अट युनिटांच्या रूपानं फंक्शनच्या आत गेलेली असते, बाहेर जुळवायला काही उरत नाही, पण लेफ्ट जॉइनच्या व्याकरणाला ऑन हवंच.

मी क्रॉसचं आऊटर केलं आणि निर्धास्त झालो. पुढच्या महिन्यात घरं पुन्हा गायब! झालं होतं असं, की छापलेल्या बिलावर शून्य रकमेच्या ओळी नकोत म्हणून मीच आधी कधीतरी व्हेअरमध्ये, म्हणजे क्वेरीच्या ओळी गाळणाऱ्या भागात, 'रक्कम शून्यापेक्षा जास्त' अशी अट टाकून ठेवली होती. आऊटरनं बंद घर राखलं, रकमेत नल भरला, आणि व्हेअरनं त्या नलला विचारलं, तू शून्यापेक्षा जास्त आहेस का? नल हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही, आणि व्हेअर फक्त 'हो' म्हणणाऱ्याला आत घेतं. फंक्शनच्या कॉलमावरची अट व्हेअरमध्ये गेली की तुमच्या आऊटरचा गुपचूप क्रॉस होतो. ती अट ऑनमध्ये हवी. अप्लायला ऑन नसतं, तिथं फंक्शनभोवती छोटी सबक्वेरी करून अट तिच्या आत टाकायची.

दुसरी चूक उलट दिशेची, आणि ती मात्र लगेच पकडली गेली, कारण ती लोकांच्या खिशाला लागली. 32 युनिटवाल्या फ्लॅटच्या तीन ओळी झाल्या ना? प्रत्येक ओळीवर डावीकडून आलेला स्थिर आकार 60. मी शेवटी सगळ्याची बेरीज घेतली. पाण्याचे 315 बरोबर, पण स्थिर आकार 180 झाला. 375 च्या जागी 495. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फ्लॅटच्या बाई बिल घेऊन संस्थेच्या ऑफिसात हजर. टप्प्यांची बेरीज आधी लॅटरलच्या आत करायची, म्हणजे प्रत्येक फ्लॅटमागे एकच ओळ बाहेर येते, आणि मग तिच्यात स्थिर आकार मिळवायचा.

आता बारकाईनं ऐका, कारण इथं एक खोच आहे. आत बेरीज केली आणि ग्रुप बाय, म्हणजे गटवारी, लावला नाही, की ती सबक्वेरी कधीच गप्प बसत नाही. बेरजेला एकही ओळ मिळाली नाही तरी ती एक ओळ देते, तिच्यात नल. म्हणजे आता क्रॉस लिहिलं तरी बंद घर राहील! तुम्ही म्हणाल, बरं झालं. मला ते बरं वाटत नाही. उद्या कोणीतरी आत सहज एक ग्रुप बाय टाकेल आणि घर पुन्हा जाईल. घर राखायचंय हे बाहेरच्या ओळीत वाचता आलं पाहिजे, म्हणून मी तिथंही लेफ्टच लिहितो, आणि रकमेला कोअलेस लावून नलचा शून्य करतो.

पुढे हे काम पोस्टग्रेसवर हलवलं. तिथं फंक्शनवर 'स्ट्रिक्ट' लिहायची सोय आहे, म्हणजे नल आला तर फंक्शन चालवायचंच नाही. टेबल देणाऱ्या फंक्शनच्या बाबतीत याचा अर्थ शून्य ओळी. मीटरचा कोनाडा कुलूपबंद, वाचन झालंच नाही, युनिटांच्या जागी नल, अशी घरं पावसाळ्यात हटकून निघतात. शून्य युनिटाचं घर आणि वाचन न झालेलं घर, दोन्ही फंक्शनच्या दृष्टीनं सारखीच गप्प. बिल करणाऱ्याच्या दृष्टीनं मात्र अजिबात सारखी नाहीत. पहिल्याला 60 रुपये लावायचे, दुसऱ्याला सरासरीनं आकारायचं. हे फंक्शनवर सोपवू नका. डावीकडच्या टेबलातला युनिटांचा कॉलम बघून ठरवा.

वेगाबद्दल थोडं. ओळीगणिक फंक्शन म्हणजे ओळीगणिक एक हाक. शंभर घरांना चालतं, पाच लाख ओळींना चालेलच असं नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एकाच सिलेक्टचं फंक्शन असेल तर डेटाबेस ते उलगडून मूळ क्वेरीत मिसळतो, व्ह्यूसारखं, म्हणजे नाव देऊन ठेवलेल्या क्वेरीसारखं. बिगिन-एंड घालून पाच पायऱ्यांचं लिहिलंत तर ती बंद पेटी होते. आत किती ओळी निघतील त्याचा अंदाज 2012 पर्यंतच्या आवृत्त्या सरसकट 1 धरत, 2014 पासून 100. पोस्टग्रेस अशा पेटीला, तुम्ही काही सांगितलं नाहीत तर, 1000 धरतं. माझं टप्प्यांचं फंक्शन देतं जास्तीत जास्त 3. फंक्शन बनवताना 'ROWS 3', म्हणजे ओळी 3, असं सांगता येतं, आणि सांगावं. दरांचं टेबल वाचणाऱ्या फंक्शनला इम्युटेबल, म्हणजे उत्तर कधीच न बदलणारं, म्हणून मोकळं होऊ नका, दर बदलतात. ते स्टेबल, म्हणजे एका क्वेरीपुरतं न बदलणारं.

मघाशी एका तरुणानं चिठ्ठी पाठवली. टप्प्यांची अट 'पेक्षा जास्त' एवढीच असेल, तर दरांच्या टेबलाशी सरळ त्याच अटीवर जॉइन का नाही करायचा, फंक्शन हवं कशाला? अगदी रास्त. बिलापुरतं बघितलं तर नकोच. माझ्याकडे तोच हिशेब बिलात, थकबाकीच्या नोटिशीत आणि सभासदांच्या चौकशीत, असा तीन ठिकाणी लागत होता, म्हणून एका जागी ठेवला. पण फंक्शन दिसलं म्हणून अप्लाय, ही सवय वाईट.

लॅटरलची खरी मजा वेगळ्याच कामात येते. प्रत्येक फ्लॅटची शेवटची तीन वाचनं काढा. विंडो फंक्शननं सगळ्या वाचनांना क्रमांक देऊन वरचे तीन ठेवता येतात, पण त्यासाठी बहुतेक वेळा दहा वर्षांची सगळी वाचनं चाळली जातात. लॅटरलमध्ये 'या फ्लॅटची वाचनं, तारखेनं उलटी, पहिली तीन' एवढंच लिहायचं. फ्लॅट आणि तारीख यांवर इंडेक्स असेल तर डेटाबेस नेमक्या जागी उडी मारतो, तीन ओळी उचलतो, पुढच्या दारी जातो. फ्लॅट थोडे आणि वाचनं ढीगभर असतील तेव्हा हे नेहमी करून बघा. वाचनं थोडी आणि फ्लॅट ढीगभर असतील तर विंडो फंक्शनच बरं.

आणखी एक चिठ्ठी आहे. पोस्टग्रेसमध्ये फंक्शनपुढे लॅटरल लिहिलं नाही तरी चालतं, मग लिहायचं का? चालतं, खरं आहे. मी लिहितो. उद्या ती क्वेरी उघडणाऱ्याला, हे उजवीकडचं डावीकडच्या जिवावर उभं आहे, हे पहिल्या नजरेत कळतं.

त्या संस्थेच्या तपासणीच्या टेबलात माझे चार खोटे फ्लॅट अजून आहेत. एक 32 युनिटांचा, एक 9 चा, एक शून्याचा आणि एक वाचन नसलेला. क्वेरीत काहीही बदललं की आधी या चौघांची बिलं काढायची आणि चार कागद हातात येतात का ते मोजायचं. खजिनदारांना मी हे दाखवलं तेव्हा त्यांनी चौथ्या फ्लॅटपुढे तांबड्या शाईनं खूण केली आणि विचारलं, 'याची किल्ली कोणाकडे आहे?'