गावाची डीपी का जळते?

श्रोतेहो, नमस्कार. ऐन रब्बीत डीपी जळाली की शिवारातले पंप थांबतात आणि हाताशी आलेला गहू-हरभरा पाण्यावाचून सुकू लागतो. म्हणूनच या डीपीच्या, म्हणजे विजेचा दाब उतरवणाऱ्या रोहित्राच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) आत काय चालते, हे आपण सर्वांनी जाणून घ्यायला हवे.

रोहित्रात फिरणारा एकही भाग नसतो. सिलिकॉनयुक्त पोलादाच्या पातळ पत्र्यांचा गाभा, त्याभोवती तारेची वेटोळी आणि हे सारे ज्यात बुडालेले असते ते तेल, एवढेच त्या टाकीत असते. उच्च दाबाचे आणि कमी दाबाचे वेटोळे एकमेकांना कोठेही जोडलेले नसते. त्यांना बांधून ठेवते ते चुंबकत्व. १८३१ साली लंडनमध्ये शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांनी लोखंडी कड्यावर अशी दोन वेटोळी गुंडाळली, तेव्हा पहिल्याला बॅटरी जोडताना आणि काढताना, तेवढ्या क्षणापुरतीच, दुसऱ्याकडची चुंबकसुई हलली. चुंबकत्व बदलत असेल तरच पलीकडे वीज उमटते, हे त्यातून सिद्ध झाले. आपली एसी वीज, म्हणजे सतत दिशा बदलणारी वीज, सेकंदाला ५० आवर्तने करते, त्यामुळे हा बदल अखंड चालू राहतो, आणि त्या ओढीने गाभ्याचे पत्रे सेकंदाला १०० वेळा किंचित लांबतात-आखडतात. डीपीजवळ ऐकू येणारा गुणगुणाट तो हाच.

११,००० व्होल्टचे २५० व्होल्ट करायचे, तर उच्च दाबाकडे ४४ वेढे असताना कमी दाबाकडे एक वेढा पुरतो. दाब जितका उतरतो तितका प्रवाह वाढतो. १०० केव्हीए क्षमतेच्या रोहित्रात पूर्ण भारावर वरच्या वाहिनीच्या प्रत्येक तारेतून जेमतेम सव्वापाच अँपिअर येतात, तर पंपांकडे प्रत्येक तारेतून १३३ अँपिअर जातात (तीन फेजच्या जोडणीमुळे तारांमधला हा फरक ४४ पट न दिसता सुमारे २५ पट दिसतो). तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढत असल्याने प्रवाह दीडपट झाला की उष्णता सव्वादोन पट होते. मग तारेवरचे कागदी आवरण करपते, वेढे एकमेकांना भिडतात आणि डीपी जळते.

तेलाचेही तसेच आहे. ते तापून फुगते, निवून आकसते आणि आकसताना बाहेरची हवा ओढून घेते. अनेक रोहित्रांवर या वाटेत पारदर्शक डबीत सिलिका जेलचे निळे दाणे असतात. ते हवेतील ओल शोषतात आणि शोषून भरले की गुलाबी होतात. तसे दिसल्यास वायरमनला अवश्य कळवावे, कारण ओलसर तेल वीज अडवू शकत नाही.

आपल्या हातातला खरा उपाय म्हणजे पंपाला योग्य क्षमतेचा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून परत देणारे छोटे उपकरण, बसवणे. त्यामुळे पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) ०.७५ वरून ०.९५ वर गेला, तर तेवढ्याच कामासाठी प्रवाह साधारण पंचमांशाने घटतो आणि तारांतील उष्णता तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कमी होते. ऑटो स्विचमुळे वीज येताच सारे पंप एकदम सुरू होतात आणि सुरुवातीला प्रत्येक मोटर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. तेव्हा एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी पंप लावण्याच्या वेळा आपसांत ठरवून घ्याव्यात. आणि फ्यूज उडाला म्हणून तेथे जाड तार कोणीही अडकवू नये. ती वितळत नाही, आणि तिच्याऐवजी आतले वेटोळे वितळते.