वारा पश्चिमेचा, पिरेड इंग्रजीचा

नमस्कार श्रोतेहो. गावाकडच्या हायस्कुलात इंग्रजी कशी शिकवावी, यावर आज बोलायचं आहे. आपल्याकडे इंग्रजीचा पिरेड कसा चालतो, ते तुम्हाला ठाऊकच आहे. सर धडा वाचतात, मराठीत अर्थ सांगतात, प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून देतात. पोरं उतरवून घेतात. दहावी निघते, पण बँकेतला इंग्रजी फॉर्म हाती आला की दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतात.

यावरचा एक इलाज आपल्याच देशात करून झालेला आहे. इंग्रजी कशी शिकवावी याचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिणेतल्या, बंगलोर-मद्रासकडच्या शाळांत व्याकरणाचा ठरलेला क्रम बाजूला ठेवला आणि मुलांना कामं दिली. रेल्वेचं वेळापत्रक पाहा, कोणती गाडी धरायची ते सांगा. नकाशा पाहा, रस्ता सांगा. एक काम शिक्षकानं वर्गासोबत करायचं, मग तसंच दुसरं मुलांनी आपापलं. डोकं अर्थात गुंतलं की भाषा अंगवळणी पडते, हे त्यांचं म्हणणं. माझं सूत्र असं: आधी काम, मग व्याकरण. पुन्हा सांगतो, आधी काम, मग व्याकरण.

आता वेळापत्रकाचं म्हणाल, तर आमच्या फाट्यावर बसची वेळ पानठेल्यावाल्यालाच विचारावी लागते. गावोगावी स्वागत कमानी उभ्या राहतात, त्यातल्या एकीवर तरी बसच्या वेळा रंगवा की! असो.

म्हणून मी काम निवडलं फवारणीचं. 2017 साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, ते कोण विसरेल? कृषी केंद्रातून औषधाची घडीपत्रकं मागून आणली आणि नववीच्या वर्गात वाटली. आधी सगळ्यांनी मिळून, औषध किती विषारी ते सांगणारे डब्यावरचे रंगीत त्रिकोण क्रमानं लावले. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. लाल-पिवळ्यावर ‘पॉयझन’, निळ्यावर ‘डेंजर’, हिरव्यावर ‘कॉशन’. मग फळ्यावर एक वावर काढलं. कपाशीची पराटी उभी, वारा पश्चिमेकडून, पूर्वेच्या धुऱ्याला विहीर. पंप पाठीवर घेतलेल्या माणसानं सुरुवात कुठून करायची? बोलायचं मात्र इंग्रजीत.

वर्ग चिडीचूप. मागच्या बाकावरचा एक पोट्टा, हजेरीपलीकडे ज्याचा आवाज मी ऐकला नव्हता, तो उठला, थेट फळ्याशी आला अन् खडू घेऊन म्हणाला, “सर, विंड कम धिस साइड. मॅन स्टार्ट दॅट साइड. देन पॉयझन नॉट कम ऑन मॅन.” बरोबर होतं. पूर्वेकडून सुरू करून वारा येतो त्या बाजूला, पश्चिमेकडे सरकत गेलं, की फवारलेल्या ओळीत शिरावं लागत नाही अन् औषध मागे उडून जातं. तेवढ्यात पहिल्या बाकावरची पोरगी ताडकन उठली. “नो सर! वेल इज देअर! पॉयझन गो इन वेल, ऑल पीपल ड्रिंक!” पोट्टा म्हणे, “लीव्ह फाइव्ह लाइन.” ती म्हणे, “फाइव्ह नॉट इनफ, विंड इज बिग!” एक जण मधूनच ओरडला, “टुडे नो स्प्रे! विंड स्टॉप, देन स्प्रे!” अन् पत्रकातली जोराच्या वाऱ्यात फवारू नका ही ओळ बोट ठेवून त्यानं वाचून दाखवली. घंटा झाली तरी कोणी हलेना. शेवटी पोरींना घरी नेणाऱ्या निळ्या बसनं हॉर्न दिला, तेव्हा पोरी दप्तरं उचलून पळाल्या, अन् ती पहिल्या बाकावरची दारातूनही ओरडली, “टेन लाइन!”

‘कम’ला ‘कम्स’ कधी केलं? दुसऱ्या दिवशी. त्यांचीच वाक्यं फळ्यावर लिहिली, त्यांनीच दुरुस्त केली. आधी काम, मग व्याकरण.

शिक्षक मित्रांनो, परीक्षेची भीती घालू नका. परीक्षेतही न पाहिलेला उतारा वाचायचा असतोच, आणि गाइडात तो सापडत नाही. फवारणीचं जमत नसेल तर खताची पिशवी घ्या. 50 किलो डीएपीवर 18:46 लिहिलेलं असतं. त्यात नत्र किती, स्फुरद किती, इंग्रजीत सांगा म्हणावं. नत्र 9 किलो, स्फुरद 23. आणि हो, शाळेत पत्रकं न्या, पण औषधाची रिकामी बाटलीसुद्धा वर्गात आणू देऊ नका. नमस्कार.