अक्षरांवरून शब्दाकडे

नमस्कार. हातात चार-पाच अक्षरे आहेत आणि त्यांवरून इंग्रजी शब्द शोधायचा आहे, हा प्रश्न शब्दकोडे सोडवणाऱ्याला पडतो, अक्षरांच्या सोंगट्या जुळवून शब्द बनवण्याचा स्क्रॅबल खेळणाऱ्याला पडतो, स्पेलिंगशी झगडणाऱ्या मुलालाही पडतो. अशा वेळी आपण आधी स्वतःच्या शब्दसंग्रहाला दोष देतो. माझ्या मते अडचण त्याच्या आधीच सुरू होते. प्रश्न नेमका कोणता आहे हेच आपण ठरवलेले नसते.

ए, आर, टी ही तीन अक्षरे घ्या. फक्त तीच वापरायची असतील तर आर्ट, रॅट, टार असे मोजकेच शब्द मिळतात आणि काम संपते. ती सलग आणि याच क्रमाने हवी असतील तर पार्टी, हार्ट, आर्टिकल. क्रम हाच, पण मध्ये दुसरी अक्षरे आली तरी हरकत नाही, असे म्हटले की एअरपोर्टही चालतो. आणि तिन्ही अक्षरे शब्दात कुठेही, कशीही असली तरी चालतील, असे ठरवले की ट्रेन, वॉटर, टीचर असे हजारो शब्द समोर येतात. अक्षरे तीच, प्रश्न चार. प्रत्येकाची शोधायची रीत वेगळी आहे.

शेवटचा प्रकार मला सर्वांत रंजक वाटतो, म्हणून तिथे जरा थांबू. अक्षरे घेऊ एम, वाय, टी, एच. पहिल्यांदा सुचतो तो मिथ, कारण त्यात या चारांखेरीज काहीच नाही. आता वाय हातात धरा. इंग्रजीत वाय बहुधा शब्दाच्या शेवटी येतो, म्हणून तो शेवटी ठेवून पाहा. एल-वाय हा शेवट धरला की मन्थली मिळतो. एच-वाय धरला की सिम्पथी. या दोन्हींत टी आणि एच शेजारीशेजारी आहेत, कारण ती जोडी आपल्या डोक्यात पक्की बसलेली असते. ती जोडी फोडा. एच आणखी कोणाबरोबर जातो? सी, एस, पी, जी, डब्ल्यू. सी-एच घेतला, टी एसच्या मागे नेला, शेवटी आर-वाय ठेवला, की समोर येतो केमिस्ट्री. शाळेपासून ओळखीचा शब्द, पण टी आणि एच एकमेकांपासून सुटेपर्यंत तो काही केल्या सुचत नाही. कसलेल्या खेळाडूचे कसब मला इथे दिसते: जोड्या ठाऊक असाव्यात आणि वेळ आली की त्या मोडताही याव्यात.

सुरुवात कोणत्या अक्षराने करायची? सर्वांत दुर्मीळ अक्षराने. आल्फ्रेड बट्स यांनी स्क्रॅबल तयार करताना वर्तमानपत्राच्या पानांवरची अक्षरे मोजली होती, आणि ती मोजणी आजही त्या खेळात दिसते. इंग्रजी खेळाच्या १०० सोंगट्यांमध्ये ई १२ आहेत. क्यू आणि झेड एकेकच, आणि त्यांचे गुण प्रत्येकी १०. तुमच्या अक्षरांत ई आणि क्यू दोन्ही असतील तर ईचा विचारही आधी करू नका. क्यू धरा. त्याच्यामागे बहुतेक वेळा यू येतोच, म्हणजे एका अक्षराबरोबर दुसरे आपोआप बसते. सोबत झेड असेल तर क्विझ, क्वार्ट्झ, स्क्वीझ यांपर्यंत पोहोचायला फार वेळ लागत नाही.

आपल्यासारख्यांची एक खास अडचण आहे, ती म्हणजे कान. मराठीत लिहिलेले आणि उच्चारलेले पुष्कळसे जुळते, म्हणून आपण शब्द ऐकून शोधतो. इंग्रजीत तो कान फसवतो. के आणि एन दिले की नाइफ, नॉक, नॉलेज हे शब्द मनात येतच नाहीत, कारण त्यांत सुरुवातीचा के ऐकूच येत नाही. ओ, यू, जी, एच ही चार अक्षरे सलग घ्या: टफ, कॉफ, थॉट, थ्रू. चारही शब्दांत तीच चार अक्षरे आणि चार वेगवेगळे उच्चार. म्हणून अक्षरे कागदावर लिहून काढा, गोल मांडा, उलटसुलट मांडा, आणि डोळ्यांनी शोधा.

डोळ्यांसाठी खेळाडूंनी एक उत्तम युक्ती काढली आहे. शब्दातली अक्षरे वर्णानुक्रमे लावायची; याला ते अल्फाग्राम म्हणतात. लिसन या शब्दाची अक्षरे लावली की मिळते ई, आय, एल, एन, एस, टी. आता सायलेंटची लावा. तेच. एनलिस्टची लावा, टिन्सेलची लावा, तरी तेच. कानाला या शब्दांचे काही नाते लागत नाही, शिवाय लिसनमधला टी तर मुकाच आहे. अल्फाग्राममुळे ते एका ओळीत येऊन बसतात.

संगणकही हेच करतो. सहा वेगळी अक्षरे ७२० क्रमांनी लावता येतात, पण ते सगळे क्रम तपासायची गरज नाही. एकदा वर्णानुक्रम लावायचा आणि आधीच तशा लावून ठेवलेल्या यादीत पाहायचे. त्यांपैकी काही अक्षरे वापरून होणारे छोटे शब्दही हवे असतील, तरी एकूण निवडी होतात फक्त ६३. ‘ही अक्षरे असलेले शब्द’ विचारले तर मात्र अल्फाग्राम पुरत नाही. तिथे यादीतला एकेक शब्द घेऊन प्रत्येक अक्षर त्यात आहे का, आणि दोन एस मागितले असतील तर खरोखर दोन आहेत का, हे मोजावे लागते. लाखोंची यादीही आजचा संगणक क्षणात चाळतो. सलग अक्षरे किंवा क्रमाने पण अंतर ठेवून आलेली अक्षरे शोधायला ग्रेप हे साधन आहे. केन थॉम्पसन यांनी ते १९७० च्या दशकात युनिक्स या संगणक प्रणालीसाठी लिहिले आणि आजही ते रोजच्या वापरात आहे.

शोध पक्का असला तरी उत्तर यादीवर ठरते. क्यू आणि आय या दोनच अक्षरांचा शब्द स्क्रॅबलच्या अधिकृत यादीत चालतो, पण खिशातल्या छोट्या शब्दकोशात तो बहुधा नसतो. किंवा एक्स, वाय, झेड सलग असलेला शब्द विचारा. रोजच्या इंग्रजीची यादी बहुधा काहीच देणार नाही. त्याच प्रश्नाला औषधांची नावे असलेल्या यादीत उत्तर आहे: हायड्रॉक्सिझीन, खाजेवर देतात ते औषध.