पांढरा कुठे थांबला?

(पूल, म्हणजे टेबलावर क्यू नावाच्या काठीने बॉल पॉकेटमध्ये घालण्याचा खेळ, नव्याने खेळू लागलेल्यांसाठी नाशिकमध्ये दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. इथे बसलेल्या बहुतेकांचा हात कॅरमवर बसलेला आहे असं मी धरून चालतो. गणपतीच्या मंडपामागे, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, कॉलेजच्या जिमखान्यात कधीच कॅरम खेळला नाही असा नाशिककर शोधावाच लागेल. कॉलेज रोडला किंवा गंगापूर रोडला एखादा जिना चढून जो मुलगा पहिल्यांदा पूलच्या टेबलासमोर उभा राहतो, तो हाच हात घेऊन आलेला असतो. त्याचा त्याला उपयोग होतो आणि एका ठिकाणी तोच हात त्याला फसवतो. त्या फसगतीपासूनच सुरुवात करू, कारण या खेळाची गोडी तिथेच दडलेली आहे.

कट कसा मारायचा, कडेला आपटून सोंगटी कशी परतेल, हा अंदाज कॅरमवाल्याच्या डोळ्यात असतोच. फसगत होते वजनात. कॅरमची सोंगटी पाच-साडेपाच ग्रॅमची, स्ट्रायकर पंधरा ग्रॅमपर्यंत, म्हणजे जवळजवळ तिप्पट जड. सोंगटीला अगदी समोरून लागला तरी तो थांबत नाही, निम्मा-अर्धा वेग राखून तिच्या मागे जातो. पूलमध्ये पांढरा, म्हणजे क्यूने ज्याला मारायचं तो बॉल, आणि बाकीचे पंधरा बॉल एकाच मापाचे: व्यास ५७.१५ मिलिमीटर, वजन १५६ ते १७० ग्रॅम. न गडगडता आलेला बॉल आपल्याच वजनाच्या बॉलवर समोरून आदळला, तर जवळजवळ सगळा वेग त्याला देऊन स्वतः जागच्या जागी थांबतो. दुसरी गोष्ट, पावडर टाकलेल्या बोर्डावर स्ट्रायकर शेवटपर्यंत घसरतो. बॉल मात्र थोडा घसरतो आणि मग टेबलावरचं कापड त्याला गडगडायला लावतं. आदळताना तो घसरत होता, गडगडत होता की उलटा फिरत होता, यावर पुढे तो कुठे जाणार हे ठरतं.

नवा माणूस पहिल्या दिवशी भुलतो तो ब्रेकच्या, म्हणजे सुरुवातीच्या फटक्याच्या, आवाजाला आणि पॉट झालेल्या, म्हणजे पॉकेटमध्ये गेलेल्या, बॉलला. त्यात वावगं काही नाही, पण ती नवलाई लवकर ओसरते. पॉट झालेला बॉल सोडून तो पांढऱ्याकडे बघायला लागला, की मग त्याला टेबलापासून उठवणं अवघड जातं. क्लबमधला जाणता मार्कर, म्हणजे टेबलं सांभाळणारा माणूस, हे लगेच ओळखतो. म्हणून सुरुवातीचे दिवस कसे घालवावेत, एवढ्यापुरतंच मी आज बोलणार आहे.

आधी साहित्य, थोडक्यात. आपल्याकडे आठ फुटी टेबल बरंच दिसतं. त्याची खेळायची जागा ८८ बाय ४४ इंच. स्पर्धेच्या नऊ फुटी टेबलाची १०० बाय ५०. कोपऱ्याचं पॉकेट किती कडक आहे हे पाहायचं असेल तर त्याच्या तोंडाशी दोन बॉल शेजारी-शेजारी ठेवा. जेमतेम मावले तर पॉकेट स्पर्धेच्या मापाचं. दोहोंच्या मध्ये बोट सहज जात असेल तर पॉकेट सैल आहे, तिथले पॉट बघून फार हुरळू नका.

भिंतीवरच्या स्टँडमधली क्यू उचलताना ती टेबलावर गडगडवून बघतात. थोडीफार वाकडी असली तरी चालून जाईल. टिप, म्हणजे टोकावरचं चामडं, मात्र नीट बघा. तिची गोलाई एक रुपयाच्या नाण्याच्या कडेइतकी, म्हणजे साधारण २० ते २२ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळाची, असावी. सपाट झालेली, चकाकणारी टिप चॉक धरत नाही. पूलच्या क्यूची टिप १२ ते १३ मिलिमीटर, स्नूकरची साडेनऊ-दहा. आपल्या क्लबांमध्ये दोन्ही क्यू एकाच स्टँडला उभ्या असतात आणि मुलं हाताला येईल ती घेतात. स्नूकरच्या हलक्या, बारीक क्यूने पूलचा जड बॉल मारला की नवख्याला तो ओढून घेणं आणखी कठीण होतं. चॉक टिपवर गिरमिटासारखं फिरवायचं नसतं, टिप झाकली जाईल अशा बेताने पुसायचं असतं. नाव चॉक असलं तरी हा शाळेतला खडू नव्हे. यात सिलिका आणि अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी असते, आणि १८९७ साली या मिश्रणाचं पेटंट घेतलं गेलं.

आता उभं राहणं. उजव्या हाताने खेळणाऱ्याने आधी टेबलापासून दोन पावलं मागे उभं राहून रेघ बघावी, उजवं पाऊल त्या रेघेवर ठेवावं, डावं खांद्याइतकं बाजूला, आणि मगच खाली वाकावं. वाकल्यावर निशाणा बदलावासा वाटला तर उठून पुन्हा वाका. वाकलेल्या अवस्थेत कमरेतून सरकून केलेली दुरुस्ती क्यू तिरकी करते. डावा तळहात कापडावर, बोटं फाकलेली, अंगठा तर्जनीच्या सांध्याला चिकटलेला, आणि त्या खाचेत क्यू. खाच ते पांढरा बॉल हे अंतर सुरुवातीला एक वीतभर पुरे. मागच्या हाताची पकड सैल हवी. टिप बॉलला टेकते तेव्हा कोपरापासून खालचा हात सरळ लोंबता असावा. शेवटची नजर जो पॉट करायचाय त्या बॉलवर, आणि मारल्यानंतर मान वर नको. पन्नास टक्के चुका मान उचलण्याच्या असतात असं म्हणायची पद्धत आहे. आकडा कुणी मोजलेला नाही, पण क्लबमध्ये अर्धा तास बसून बघा, पटेल.

निशाण्याचं एकच सूत्र देतो. पॉकेटपासून बॉलच्या मध्यातून मागे एक रेघ ओढा. त्या रेघेवर, बॉलला चिकटून, दुसरा एक बॉल आहे असं समजा. पांढऱ्याचा मध्य त्या कल्पित बॉलच्या मध्यावर पोहोचवायचा, म्हणजे खऱ्या बॉलच्या मध्यापासून ५७ मिलिमीटर मागे. नवखा नेमकं हे विसरून दोन बॉल जिथे टेकणार त्या ठिपक्यावर क्यू रोखतो, बॉल जाड लागतो आणि पॉट हुकतो. लक्षात ठेवायला सोपी खूण हवी असेल तर क्यूची रेघ बॉलच्या बरोबर कडेवर रोखा. अर्धा बॉल लागेल आणि तो ३० अंशात कापला जाईल.

आता मुख्य गोष्टीकडे, पांढऱ्याकडे.

टेबलाच्या मधोमध एक बॉल ठेवा, त्याच्या फूटभर मागे पांढरा, दोन्ही एका कोपऱ्याच्या पॉकेटशी सरळ रेषेत. पांढऱ्याच्या मध्याच्या किंचित खाली, मध्यम जोराने मारा. बॉल पॉकेटमध्ये आणि पांढरा त्याच्या जागेवर ठप्प, हे साधायचंय. याला स्टॉप म्हणतात. दहापैकी सात वेळा जमेपर्यंत दुसरं काही करू नका. मग पांढरा दोन फूट मागे न्या, मग तीन. आता तोच फटका मारून बघा: पांढरा थांबत नाही, वीतभर पुढे जातो. कारण सरळ आहे. खाली मारल्यामुळे बॉल उलटा फिरत निघाला, पण वाटेत कापडाच्या घर्षणाने ती उलटी फिरकी संपली आणि तो पुढे गडगडू लागला. म्हणजे अंतर वाढलं की आणखी खाली मारायला हवं, किंवा जोर वाढवायला हवा. पांढरा समोरच्या बॉलपर्यंत पोहोचताना कुठल्या अवस्थेत असेल, याचा हिशेब पहिल्यांदा इथे सुरू होतो.

सरळ फटका सोडून कट आला की हाच हिशेब दिशा ठरवतो. पांढरा फिरकीविना, नुसता घसरत आदळला तर दोन बॉल काटकोनात फुटतात. पॉट होणारा एका रेघेवर, पांढरा तिला काटकोनात. कॅरममध्ये हा काटकोन कधी मिळत नाही, कारण स्ट्रायकर जड. पांढरा गडगडत आला असेल तर पाव ते पाऊण बॉल लागेपर्यंतच्या कुठल्याही कटला तो आपल्या मूळ रेघेपासून साधारण ३० अंश वळतो. तर्जनी आणि मधलं बोट आरामात फाकवा, जवळजवळ तेवढाच कोन होतो. एक बोट निशाण्याच्या रेघेवर धरलं की दुसरं पांढऱ्याची वाट दाखवतं. ते बोट पॉकेटकडे रोखलेलं दिसलं, तर फटका बदला. पांढरा आत जाणार आहे. नव्यांना जे दुर्दैव वाटतं, त्यातलं बरंचसं या एका कोनात असतं.

पुढे पाठवायचा, म्हणजे फॉलो, तर मध्याच्या वर मारायचं. किती वर? कापडापासून ४० मिलिमीटर उंचीवर, मध्याच्या साधारण ११ मिलिमीटर वर टिप लागली तर बॉल जराही न घसरता पहिल्या क्षणापासून गडगडत निघतो. गणिताने हा बिंदू व्यासाच्या सात-दशांश उंचीवर येतो. बिलियर्डच्या टेबलावरचं हे गतिशास्त्र कोरिओलिस या फ्रेंच गणितज्ञाने १८३५ सालीच मांडून ठेवलंय. वारे आणि चक्रीवादळं शिकताना ज्याचं नाव शाळेत ऐकलंत, तोच. मध्यापासून कुठल्याही बाजूला १४ मिलिमीटरच्या पलीकडे गेलात की चॉक कितीही लावा, टिप सटकते.

मागे ओढायचा फटका, आपल्याकडे ज्याला स्क्रू म्हणतात, तो बघून सगळे वेडे होतात आणि तोच सगळ्यांचा बिघडतो. पहिली चूक, खाली मारायचं म्हणून क्यूचा मागचा भाग वर उचलणं. त्याने बॉल उडतो आणि टिप कापडाला खरवडते. खाली जायचंय ते पुढच्या हाताने. तळहात कापडावर आणखी चपटा करा, क्यू शक्यतो आडवीच ठेवा. दुसरी चूक, मारण्याच्या क्षणी मूठ आवळणं. मूठ आवळली की टिप वर येते आणि तुम्ही मध्यावर मारता. तिसरी, मारल्या मारल्या क्यू मागे खेचणं. टिप आणि बॉलचा स्पर्श सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात संपतो, मागे खेचून बॉलवर काहीच परिणाम होत नाही, उलट वेग मारला जातो. क्यू बॉलच्या जागेतून चार-सहा इंच पुढे जाऊ द्या. आधी वीतभर मागे आणायला शिका, टेबलभर नंतर.

डाव्या-उजव्या बाजूला मारून दिलेली फिरकी मात्र पहिले काही आठवडे बाजूला ठेवा, हे मी आग्रहाने सांगेन. उजवीकडे मारलं की पांढरा निघतानाच निशाण्याच्या किंचित डावीकडे सरकतो. पॉट चुकला तो निशाणा चुकल्यामुळे की या सरकण्यामुळे, हे नवख्याला कळत नाही, आणि मग तो बरोबर असलेला निशाणाही बदलून बसतो.

एवढं हातात आलं की एट-बॉलचा, म्हणजे शेवटी काळा आठ नंबर पॉट करायचा, खेळ वेगळाच दिसू लागतो. रॅक, म्हणजे बॉलचा त्रिकोण, लावताना पुढचा बॉल ठिपक्यावर, काळा आठ नंबर मध्यभागी, मागच्या दोन कोपऱ्यांत एक सॉलिड (एकरंगी) आणि एक स्ट्राइप (पट्ट्याचा). बॉल एकमेकांना चिकटलेले हवेत, फट राहिली की ब्रेक मेला. ब्रेक जिवाच्या आकांताने मारण्यात अर्थ नाही. पुढच्या बॉलला भरीव लागला आणि पांढरा टेबलाच्या मध्यावर राहिला तर तो चांगला ब्रेक. टेबल उघडल्यावर काळा कुठे पडणार ते आधी बघा, त्याच्याआधीचा शेवटचा बॉल कुठला ते ठरवा, आणि तिथून उलटं मागे या. प्रत्येक वेळी सरळ रेषेत येण्याचा हट्टही नको. पंधरा ते तीस अंशांचा कट ठेवलात तर पांढऱ्याला पुढे जायला वाट राहते. अगदी सरळ आलात तर पुढे आणि मागे एवढंच हातात.

हवामानाचंही सांगायला हवं. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे कापड दमट होतं आणि बॉल लवकर थांबतो. खेळायच्या आधी पांढरा समोरच्या कुशनवर, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेवर, मारून आपल्याजवळच्या कुशनपर्यंत परत आणा, त्या दिवसाचा वेग हाताला कळतो. बॉल चॉकच्या धुळीने माखलेले असतील तर मार्करला सांगून पुसून घ्या. दोन बॉलच्या स्पर्शात चॉकचा कण आला की बॉल भलत्या रेघेवर जातो, आणि हळू मारलेल्या कटमध्ये हे ठळक दिसतं.

हा परक्यांचा खेळ आहे असं कुणाला वाटत असेल तर जाता जाता दोन-तीन नोंदी. पूलचा भाऊ स्नूकर १८७५ साली जबलपूरच्या छावणीत जन्मला. भारताला कुठल्याही खेळातलं पहिलं वैयक्तिक जागतिक विजेतेपद १९५८ साली बिलियर्डमध्ये मिळालं, विल्सन जोन्स यांनी ते मिळवलं, आणि त्यांचा जन्म पुण्याचा. बिलियर्ड-स्नूकरचे जगज्जेते पंकज अडवाणीही पुण्यातच जन्मले.

समोरून चिठ्ठी आलीय: स्वतःची क्यू कधी घ्यावी? स्टॉप, वीतभर फॉलो आणि वीतभर स्क्रू क्लबच्या क्यूने जमायला लागले की घ्या. त्याआधी घेतलीत तर चूक क्यूची की हाताची, हा वाद घरातच सुरू होईल. दोन तुकड्यांची, ५७-५८ इंच लांबीची, १९ औंसांच्या आसपासची, १३ मिलिमीटर टिपची साधी मेपलची क्यू पुरते. जोड घट्ट बसतो का आणि जोडल्यावर सरळ गडगडते का, एवढं दुकानातच बघा. आणि एप्रिल-मेमध्ये ती गाडीच्या डिकीत ठेवू नका. उन्हाने लाकूड वाकतं, टिपचा डिंक सुटतो. घरी ठेवताना भिंतीला तिरकी टेकवू नका, उभी किंवा सपाट ठेवा.