दुखणं पोटाचं, रिपोर्ट रक्ताचा

(दृश्य: परळ, सकाळची गर्दी. हातात फाइल, कडेवर मूल.)

केईएम, टाटा, वाडिया. परळला रुग्णालयं अशी हाकेच्या अंतरावर आहेत. विरारहून, कळव्याहून, थेट कोकणातूनही लोक मुलांना घेऊन इथे येतात. लहान मुलांच्या ओपीडीत एक वाक्य हमखास कानावर पडतं: "डॉक्टर, हा बेंबीपाशी दुखतंय म्हणतो."

तोवर घरी ओवा चावून झालेला असतो, हिंगाचा लेप लावून झालेला असतो, जंताचं औषध झालेलं असतं. आजीने नजरही काढलेली असते. मग कुणीतरी रक्त तपासायला सांगतं आणि रिपोर्टवर एका जंतूचं लांबलचक नाव येतं: हेलिकोबॅक्टर पायलोरी.

जठरातल्या आम्लात जंतू टिकूच शकत नाही, असं डॉक्टर मंडळी कित्येक वर्षं धरून चालली होती. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी 1982 साली हा जंतू वाढवून दाखवला. तरी कुणी ऐकेना, तेव्हा 1984 मध्ये मार्शल जंतूंचं द्रावण स्वतःच प्यायले आणि आजारी पडले. दोघांना 2005 चं नोबेल मिळालं.

जंतूची युक्ती साधी आहे. तो युरियापासून अमोनिया बनवतो, त्याने आजूबाजूचं आम्ल मारतो आणि जठराच्या चिकट थरात घुसून बसतो. एकदा बसला की औषधाशिवाय सहसा हलत नाही.

(दृश्य: चाळीतला नळ, पाण्याची पिंपं.)

वडापावच्या गाडीला आणि मिरचीला दोष द्यायची आपल्याला फार घाई असते. पण हा जंतू बहुतेकांना लहानपणीच लागतो, आणि तो येतो मुख्यतः घरातल्याच माणसांकडून: आईकडून, भावंडांकडून. लाळेतून, उलटीतून, शौचानंतर न धुतलेल्या हातांतून. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, मजल्याला मिळून संडास आणि भरून ठेवलेलं पाणी असेल, तर त्याला वाट शोधावी लागत नाही.

आता खरी मेख. जंतू असलेल्या बहुतेक मुलांना काहीच होत नाही. जठराच्या अस्तराला सूज असते, पण मूल खातं, खेळतं. अल्सर थोड्यांनाच होतो, तोही मोठ्यांपेक्षा कमी. या जंतूचं नाव 1994 पासून कर्करोगाला कारण ठरणाऱ्यांच्या यादीत आहे हे खरं. पण तो धोका काही जणांनाच, आणि बहुधा कित्येक दशकांनंतरचा. रात्री मोबाइलवर हे वाचून घाबरलेल्या आईला ही दुसरी बाजू कुणी सांगत नाही.

शिवाय रक्तात दिसतात ती प्रतिपिंडं, म्हणजे जंतूशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं. जंतू गेल्यावरही ती बराच काळ राहतात. म्हणून मुलांमध्ये निदानासाठी ही रक्ततपासणी करूच नये, असं बालपोटविकार तज्ज्ञांच्या युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या संघटना सांगतात. नुसत्या बेंबीभोवतीच्या दुखण्यासाठी या जंतूमागे लागायलाही त्यांची ना आहे. आमच्या मते, जंतू इतका पसरलेल्या या शहरात तर हे भिंतीवर लिहून लावावं.

दुखण्याने मूल रात्री झोपेतून उठत असेल, उलटीत रक्त असेल, शी डांबरासारखी काळी होत असेल, वजन घटत असेल किंवा लोहाची औषधं देऊनही रक्त वाढत नसेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा दुर्बीण टाकतात. मुलाला गुंगी देऊन जठर आतून पाहतात आणि अस्तराचे बारीक तुकडे तपासायला पाठवतात.

अल्सर आणि जंतू दोन्ही सापडले तर उपचार करायचेच. साधारणपणे चौदा दिवस, दोन प्रतिजैविकं आणि आम्ल कमी करणारं औषध, डोस वजनाप्रमाणे. यातलं मेट्रोनिडॅझोल आपल्या ओळखीचं: जुलाब लागले की मेडिकलमधून न विचारता आणतो तेच. अशा वापराने जंतू त्याला सरावतात, आणि भारतात हे आधीच बरंच झालेलं आहे. मधेच डोस चुकले की दुसरं प्रतिजैविकही हातचं जातं.

जंतू गेला का, हे कोर्स संपल्यावर निदान चार आठवड्यांनी पाहतात. आम्लाचं औषध त्याआधी दोन आठवडे बंद हवं, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट चांगला येतो. मोठी मुलं पिशवीत फुंकून श्वासाची तपासणी देतात. लहानग्यांना नीट फुंकता येत नाही, त्यांची शी डबीतून द्यायची.