अकरा पस्तीसची खुर्ची

[दृश्य: लॉस एंजेलिस, सीबीएसचा स्टुडिओ. टेबल, खुर्ची, पाहुण्यांचा सोफा. दिवे एकेक करून लागतात.]

ऑगस्ट २००४. सीबीएस वाहिनीवरच्या 'द लेट लेट शो'चे सूत्रसंचालक क्रेग किलबॉर्न कार्यक्रम सोडून गेले. वेळ मध्यरात्री साडेबारानंतरची, आठवड्याला पाच भाग, आणि पुढचा माणूस ठरलेला नाही. अशा वेळी अमेरिकेतल्या वाहिन्या सहसा बंद दाराआड एक नाव पक्कं करतात आणि जाहीर करून टाकतात. या वेळी मात्र निर्मात्यांनी, म्हणजे सीबीएसवरच ११:३५चा 'द लेट शो' करणाऱ्या डेव्हिड लेटरमन यांच्या 'वर्ल्डवाइड पॅन्ट्स' कंपनीने, निवडीची परीक्षा पडद्यावरच घेतली.

सप्टेंबरपासून पाहुणे सूत्रसंचालक आळीपाळीने त्या खुर्चीत बसले. त्यांतून चौघे उरले. डी. एल. ह्यूली हे मुरलेले स्टँडअप विनोदवीर. डेमियन फाही एमटीव्हीवरचे तरुण निवेदक. मायकेल इयन ब्लॅक स्केच कॉमेडीतले. आणि चौथे क्रेग फर्ग्युसन, मूळचे स्कॉटलंडचे, एका विनोदी मालिकेत खडूस साहेबाची भूमिका करणारे. नोव्हेंबरमध्ये प्रत्येकाला सलग एक आठवडा देण्यात आला.

[दृश्य: चौघांची छायाचित्रं. कॅलेंडरवर सोमवार ते शुक्रवार.]

एक रात्र देणं आणि एक आठवडा देणं यांत फार अंतर आहे. पहिल्या रात्री कुठलाही अनुभवी विनोदवीर तरून जातो, कारण वर्षानुवर्षं रंगमंचावर घोटलेलं साहित्य त्याच्याकडे तयार असतं. दुसऱ्या रात्रीही ते पुरतं. तिसऱ्या रात्री ते संपतं. मग हाताशी उरतात त्या दिवसाच्या बातम्या, लेखकांची टीम आणि समोर बसलेला पाहुणा. वर्षाला दीडशे-दोनशे भाग करायचे तर माणूस कायम या तिसऱ्या रात्रीतच राहणार आहे. म्हणून पारखायची ती बुधवारची फीत, सोमवारची नव्हे.

दिवसाचा क्रम साधारण असा असतो. सकाळी लेखक बातम्या चाळून विनोद लिहायला घेतात. दुपारपर्यंत ढीगभर विनोद जमतात आणि त्यांतले मोजकेच मोनोलॉगमध्ये, म्हणजे सूत्रसंचालकाच्या सुरुवातीच्या एकट्याच्या भाषणात, जातात. दुपारी तालीम होते, मजकूर क्यू कार्डांवर, म्हणजे कॅमेऱ्याजवळ धरायच्या मोठ्या कार्डांवर, उतरतो. संध्याकाळी प्रेक्षकांसमोर चित्रीकरण होतं. ते जवळजवळ थेट प्रक्षेपणासारखंच, न थांबता चालतं आणि त्याच रात्री दाखवलं जातं. उमेदवाराची पहिली खरी कसोटी लागते ती या दुपारी. कोणते विनोद ठेवायचे आणि कोणते टाकायचे हे त्याला झटपट सांगता येतं का? ज्याला सगळेच आवडतात किंवा एकही आवडत नाही, त्याच्या हाताखाली लेखक फार दिवस टिकत नाहीत.

दुसरी कसोटी टेबलावर. पाहुणा स्टुडिओत येण्याआधीच सेगमेंट प्रोड्यूसर, म्हणजे मुलाखतीची तयारी करणारा निर्माता, त्याच्याशी फोनवर सविस्तर बोललेला असतो. चांगले किस्से निवडून त्यांना जोडणारे प्रश्न कार्डांवर लिहिलेले असतात. सूत्रसंचालकाला सगळं आधीच ठाऊक असतं. धोका इथेच आहे. पाहुणा ठरलेल्या किश्शातून भलत्याच वाटेला वळला की नवखा माणूस घाबरून खाली कार्डाकडे पाहतो, पुढचा प्रश्न विचारतो, आणि उलगडू पाहणारं काहीतरी तिथेच मरतं. म्हणून चाचणीची फीत पाहताना पाहुणा बोलत असेल तेव्हा सूत्रसंचालकाचे डोळे कुठे आहेत हे पाहावं. कार्डावर नसलेले किती प्रश्न त्याने विचारले, ते मोजावेत. आमच्या मते मोनोलॉगला मिळालेल्या हशापेक्षा हा आकडा जास्त खरं सांगतो. हशा लेखकही मिळवून देऊ शकतात, ऐकण्याचं काम दुसरं कुणी करून देऊ शकत नाही.

[दृश्य: टेबलावर निळी कार्डं. एक हात ती फाडतो.]

फर्ग्युसन यांच्या बाजूने ठाम उभे राहिले ते निर्माते पीटर लासाली. जॉनी कार्सन (एनबीसी वाहिनीवरच्या साडेअकराच्या 'टुनाइट शो'चे जुने सूत्रसंचालक) आणि लेटरमन या दोघांबरोबरही काम केलेला हा माणूस. ७ डिसेंबर २००४ला फर्ग्युसन यांचं नाव जाहीर झालं आणि ३ जानेवारी २००५ला त्यांनी सुरुवात केली. मोनोलॉग लिहून घेण्याऐवजी ते हळूहळू उत्स्फूर्त बोलू लागले. मुलाखत सुरू होताना प्रश्नांची कार्डं पाहुण्यासमोरच फाडायची, ही त्यांची सवयच झाली. २००९ साली आर्चबिशप डेझमंड टूटू यांच्याशी त्यांनी मारलेल्या गप्पांना पीबडी पुरस्कार मिळाला. प्रसिद्धीच्या हिशेबाने पाहिलं असतं तर मध्यरात्रीच्या विनोदी कार्यक्रमासाठी फर्ग्युसन यांचं नाव कुणी काढलंही नसतं.

आणि प्रसिद्धीच्या हिशेबाने केलेल्या निवडी कशा गेल्या? 'व्हील ऑफ फॉर्च्यून'चे पॅट सेजॅक घराघरांत ओळखीचे होते. जानेवारी १९८९मध्ये सीबीएसने त्यांना रात्रीचे ९० मिनिटं दिले, एप्रिल १९९०मध्ये कार्यक्रम बंद. चित्रपटांतले मोठे विनोदी नट चेव्ही चेस यांच्यासाठी फॉक्सने हॉलिवूडमधल्या एका थिएटरला त्यांचं नाव दिलं. सप्टेंबर १९९३मध्ये सुरू झालेला तो कार्यक्रम ऑक्टोबरमध्ये गुंडाळावा लागला. चित्रपटात नटाला रीटेक मिळतो. इथे चुकलेला विनोद तसाच अंगावर घेऊन पुढच्या वाक्याला जायचं असतं.

त्याच सप्टेंबरात एनबीसीवर याच्या नेमकं उलट घडलं. लेटरमन सीबीएसकडे गेल्याने त्यांच्या साडेबाराच्या 'लेट नाइट'ची जागा मोकळी होती आणि निर्माते लॉर्न मायकल्स यांनी पुढे केलं कोनन ओब्रायन यांना. ते लेखक होते, सामान्य प्रेक्षकाला जवळपास अनोळखी. बरबँकमध्ये 'टुनाइट शो'च्या सेटवर मिमी रॉजर्स आणि जेसन अलेक्झांडर या पाहुण्यांना घेऊन त्यांची चाचणी झाली. सुरुवातीची परीक्षणं निर्दय होती. एक काळ असा होता, की वाहिनी त्यांना १३-१३ आठवड्यांचीच मुदतवाढ देत होती. तरी त्यांनी तो कार्यक्रम २००९पर्यंत चालवला. साडेबाराच्या वेळेला प्रेक्षक कमी, अपेक्षा कमी, म्हणून चुकत शिकायला जागा मिळते. साडेअकराला ती मिळत नाही.

[दृश्य: अमेरिकेचा नकाशा, स्थानिक केंद्रांचे ठिपके.]

इथवर झाली माणसाची गोष्ट. पण सगळ्यात महागात पडलेली चूक माणूस निवडण्यातली नव्हती, तारीख आणि वेळ ठरवण्यातली होती. ती नीट समजून घेण्यासारखी आहे.

तारखेचं महत्त्व एनबीसीला आधीपासून ठाऊक होतं. मार्च १९६२मध्ये जॅक पार यांनी 'टुनाइट' सोडला तेव्हा त्यांच्या जागी निवडलेले कार्सन दुसऱ्या वाहिनीच्या, एबीसीच्या, करारात अडकलेले होते. वाहिनीने घाई केली नाही. सहा महिने पाहुणे सूत्रसंचालक बसवले आणि १ ऑक्टोबर १९६२ला कार्सन आले, ते ३० वर्षं राहिले. त्यांनी निरोपही स्वतःच आखला. मे १९९१मध्ये जाहीर केलं, की एका वर्षाने, २२ मे १९९२ला शेवटचा भाग. पण वारसा जे लेनो यांना गेला, लेटरमन दुखावले आणि १९९३मध्ये प्रतिस्पर्धी वाहिनीवर गेले.

पुन्हा असं होऊ नये म्हणून २००४मध्ये एनबीसीने ओब्रायन यांना लेखी शब्द दिला: पाच वर्षांनी, २००९मध्ये, 'टुनाइट शो' तुमचा. त्या दिवशी वाहिनी आणि ओब्रायन दोघंही खूश राहिले. मात्र पाच वर्षांनी लेनो यांचा कार्यक्रम कसा चालत असेल, हे २००४मध्ये कुणालाच सांगता येण्यासारखं नव्हतं. २००९ उजाडलं तेव्हा लेनो पहिल्या क्रमांकावरच होते. त्यांना गमावायचं नाही म्हणून वाहिनीने त्यांना रोज रात्री १० वाजताचा तास दिला. महागड्या मालिकांपेक्षा तो स्वस्तही पडत होता.

आता साखळी पाहा. दहाचा कार्यक्रम संपला की ११ वाजता प्रत्येक शहरातलं स्थानिक केंद्र आपल्या बातम्या दाखवतं. त्या अर्ध्या तासाच्या जाहिरातींवर केंद्राचं पोट असतं. त्यानंतर ११:३५ला 'टुनाइट'. दहाला प्रेक्षक घटले की बातम्यांचे घटतात, बातम्यांचे घटले की 'टुनाइट'चेही घटतात. तेच झालं. स्थानिक केंद्रं उघडपणे ओरडू लागली. जानेवारी २०१०मध्ये वाहिनीने तोड काढली: लेनो ११:३५ला अर्धा तास, 'टुनाइट' मध्यरात्रीनंतर, १२:०५ला.

ओब्रायन यांच्या करारात 'टुनाइट शो' लिहिलेला होता, ११:३५ ही वेळ लिहिलेली नव्हती, असं तेव्हा समोर आलं. एवढ्या एका ओळीच्या अभावी वाहिनीला तो प्रस्ताव ठेवता आला. ओब्रायन यांनी जाहीर पत्र लिहून नकार दिला. मध्यरात्रीनंतर गेलेला 'टुनाइट' हा 'टुनाइट' राहत नाही, हे त्यांचं म्हणणं आम्हाला पूर्ण पटतं. २२ जानेवारीला त्यांचा शेवटचा भाग झाला. तडजोडीची रक्कम सुमारे साडेचार कोटी डॉलर होती आणि त्यातला मोठा वाटा त्यांना, उरलेला त्यांच्या कर्मचाऱ्यांना मिळाला. १ मार्चला लेनो परत आले.

[दृश्य: न्यूयॉर्क, एड सुलिव्हन थिएटरचा दर्शनी भाग.]

२०१४मध्ये सीबीएसने याच्या अगदी उलट केलं. 'द लेट शो'च्या लेटरमन यांनी ३ एप्रिलला निवृत्ती जाहीर केली आणि १० एप्रिलला स्टीफन कोल्बेर यांचं नाव आलं. एका आठवड्यात सगळं संपलं, मागे रेंगाळणारा माणूस नाही की अफवा नाहीत. तरी सप्टेंबर २०१५ला सुरू झालेला कार्यक्रम पहिले काही महिने चाचपडत होता. कोल्बेर यांनी आधीची नऊ वर्षं एका काल्पनिक पात्राच्या तोंडून बोलण्यात घालवली होती आणि आता स्वतः म्हणून बोलायचं होतं. शिवाय कारभाराचा भारही त्यांच्याच डोक्यावर. एप्रिल २०१६मध्ये बातम्यांच्या क्षेत्रातले क्रिस लिक्ट कार्यकारी निर्माते म्हणून आले आणि त्यांनी तो भार उचलला. कार्यक्रम रोजच्या राजकारणाकडे वळला, पक्षांच्या अधिवेशनांच्या काळात थेट भाग झाले, आणि २०१६-१७च्या हंगामात एकूण प्रेक्षकसंख्येत कोल्बेर पहिले आले. म्हणून सूत्रसंचालक निवडताना त्याच बैठकीत निर्माताही निवडावा. पाहुण्यांची जमवाजमव, बजेट आणि वाहिनीशी भांडणं ज्याच्या गळ्यात पडतात, त्याच्याकडून रात्री टवटवीत गप्पांची अपेक्षा कशी करणार?

जुलै २०२५मध्ये सीबीएसने जाहीर केलं, की मे २०२६मध्ये कोल्बेर यांचा 'द लेट शो'च बंद होईल. कारण निव्वळ आर्थिक आहे, असं वाहिनीचं म्हणणं. सीबीएसच्या मूळ कंपनीने डोनाल्ड ट्रम्प यांच्याशी केलेल्या तडजोडीवर कोल्बेर यांनी त्याआधी काही दिवसच टीका केली होती, त्यामुळे अनेकांनी त्यावर शंका घेतली. वारस निवडण्याचा प्रश्नच तिथे उरला नाही.

रोजच्या बातम्यांची खिल्ली उडवणाऱ्या 'द डेली शो'ने तिसरी वाट धरली. ट्रेव्हर नोआ डिसेंबर २०२२मध्ये गेले. २०२३मध्ये लेस्ली जोन्स, वांडा साइक्स, हसन मिन्हाज, कॅल पेन असे पाहुणे सूत्रसंचालक एकेक आठवडा येत राहिले. मे महिन्यात लेखकांचा संप झाला आणि कार्यक्रम काही महिने बंद पडला. एवढं होऊनही एक नाव ठरलं नाही. १२ फेब्रुवारी २०२४पासून जुने सूत्रसंचालक जॉन स्टुअर्ट सोमवारपुरते परतले आणि बाकीच्या रात्री कार्यक्रमाच्याच वार्ताहरांनी आळीपाळीने वाटून घेतल्या. यात एका माणसावर सगळा डोलारा उभा राहत नाही आणि वार्ताहरांना आठवडाच्या आठवडा चुकत शिकायला मिळतं. उणीव एवढीच, की मंगळवारी कोण भेटणार हे पाहणाऱ्याला आधी ठाऊक नसतं, आणि रोज रात्री त्याच वेळी टीव्ही लावण्याची सवय लागते ती त्याच चेहऱ्यासाठी.